श्यामबाजारहून धर्मतल्याला

उत्तर कोलकात्यात श्यामबाजारच्या नाक्यावर पाच रस्ते येऊन मिळतात. मधोमध उंच चौथऱ्यावर घोडेस्वाराचा पुतळा. त्याच्या भोवती बसगाड्या, रिक्षा, हातगाड्या, सायकली आणि उरल्यासुरल्या पिवळ्या टॅक्सी. मे महिना आहे. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि सदरा आत्ताच पाठीला चिकटलाय. हवेत वाऱ्याचं नाव नाही. शहाळीवाल्याने ओला गोणपाट डोक्यावर घेतलाय.

रस्त्याच्या पोटात चार लोखंडी रेघा आहेत. दोन जाणाऱ्या, दोन येणाऱ्या. ज्या रुळांवरून अजून गाडी जाते ते चकाकतात. बाजूला वळून गेलेले काही रूळ मात्र तांबूस, गंजलेले, आणि पुढे कुठेतरी डांबराखाली नाहीसे झालेले. कुठला मार्ग चालू आणि कुठला बंद, हे इथे पाटी न वाचता कळतं. खाली बघायचं.

ट्रामची वाट पाहणारे सात-आठ जण आहेत. छत्री उघडून उभे असलेले एक आजोबा. खांद्याला कापडी पिशवी लावलेली कॉलेजची मुलगी. कागदाची बंडलं पायाशी ठेवून बसलेला एक हमाल. दोन बायका, पूजेची फुलं घेतलेल्या. थांब्याला छप्पर नाही, म्हणून सगळे एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली दाटीने उभे आहेत. कुणी घड्याळ पाहत नाही. मी चहावाल्याला विचारतो, गाडी केव्हा येणार? ‘आशबे,’ तो म्हणतो. येईल. आणि मातीच्या कुल्हडात चहा ओतून माझ्या हातात देतो.

वाट पाहण्यात वेळ जातो. बस येतात, जातात. कंडक्टर दाराला लोंबकळत गावांची नावं ओरडतात, बसच्या पत्र्यावर थाप मारतात. पत्र्याखालचे लोक हलत नाहीत. त्यांना ट्रामच हवी आहे. आजोबांना बसची पायरी चढवत नाही. हमालाची बंडलं बसवाला घेणार नाही. मुलीला कॉलेज स्ट्रीटला उतरायचंय आणि ट्रामचं तिकीट अजून दहा रुपयांच्या आत आहे.

इथून जवळच, बागबाजारकडे, एका गल्लीच्या पाटीवर आपलं नाव लिहिलेलं आहे. मराठा डिच लेन. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या स्वाऱ्या बंगालवर सुरू झाल्या, तेव्हा घाबरलेल्या कोलकात्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीनेक मैल खणून झाल्यावर काम थांबलं. स्वार शहरात आलेच नाहीत. १७९९ साली खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला, आणि पुढे त्या रोडवर ट्रामचे रूळ पडले. बर्गी, म्हणजे हेच मराठा स्वार, येतील अशी भीती घालणारी अंगाईगीतं बंगालच्या आया अजून म्हणतात. त्या पाटीखाली उभं राहिल्यावर मराठी माणूस थोडा वेळ गप्प होतो.

नाक्यावर परत येतो तो वरची तार थरथरताना दिसते. रस्त्यावर काही नाही, फक्त तार हलतेय. आजोबा छत्री मिटतात. मग डेपोच्या तोंडातून ट्राम बाहेर येते. एकच डबा, पुढचं तोंड गोलसर, रंग उडालेला, पत्र्यावर ओरखड्यांच्या रेघा. छपरावर लांब दांडा, त्याचं टोक तारेला टेकलेलं. वळणावर चाकं रुळाला घासतात आणि असा काही आवाज निघतो की शहाळीवालाही कोयता थांबवून दाताखाली जीभ घेतो. ट्राम पूर्ण थांबत नाही, हळू होते. लोक रस्त्याच्या मध्यापर्यंत चालत जातात, हात दाखवून रिक्षा अडवतात आणि चढतात. मीही चढतो. पायरी गुडघ्याइतकीही उंच नाही. आजोबा दांडीला धरून सहज वर येतात.

आत लाकडी पट्ट्यांची बाकं. वर्षानुवर्षं माणसं बसून बसून गुळगुळीत झालेली. खिडक्या मोठ्या, छताला जाळीतले पंखे. एक फिरतो, एक नाही. पूर्वी ट्राम दोन डब्यांची असे. पुढचा पहिला वर्ग, त्यात पंखे. मागचा दुसरा वर्ग, त्यात नाहीत. तिकिटात फरक थोडा, पण तो कित्येक पिढ्यांनी पाळला. आज डबा एकच आहे आणि सगळे एकत्र घामाघूम आहेत.

ड्रायव्हरच्या समोर पितळी हँडल. डाव्या हाताने ते एक एक खाच फिरवत तो वेग वाढवतो. उजव्या हाताशी ब्रेक. टाचेखाली एक खुंटी आहे, ती दाबली की गाडीच्या पोटाखाली घंटा वाजते. टण टण. वरच्या तारेत ५५० व्होल्टचा एकदिश प्रवाह आहे. दांड्यातून तो खाली मोटरीत येतो आणि चाकांमधून, रुळांमधून परत जातो. सगळं यंत्र एवढंच. धूर नाही, गिअर नाही. गाडी निघते तेव्हा पायाखालून एक घुमणारा सूर चढत जातो, आणि पुढचा रिक्षावाला बाजूला झाला नाही की तोच सूर उतरतो.

आणि रिक्षावाला बाजूला होत नाही. हे पुढच्या तासाभरात कितीदा तरी पाहायचं आहे.

बिधान सरणी. जुनं नाव कॉर्नवॉलिस स्ट्रीट. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, लोखंडी नक्षीचे सज्जे, सज्ज्यांवर साड्या वाळत घातलेल्या. हातीबागानचा बाजार फुटपाथ संपला तरी संपत नाही. परकर, चपला, प्लास्टिकच्या बादल्या, मुलांचे कपडे. ताडपत्रीच्या कडा खिडकीला घासून जातात. हात बाहेर काढला तर झबलं विकत घेता येईल इतकं जवळ. एक फेरीवाला पाठ न वळवता, फक्त घंटेच्या आवाजावरून, अर्धं पाऊल आत सरकतो. ट्राम गेली की तेवढंच पाऊल पुन्हा बाहेर. ही सवय त्याच्या अंगात मुरलेली आहे. बसला तो असा जागा देत नाही, बस त्याच्याकडून जागा हिसकावून घेते.

कंडक्टर येतो. बोटांच्या बेचक्यात तिकिटांची पुडकी, खांद्याला चामड्याची पिशवी, कॉलरखाली रुमाल. तिकीट पातळ कागदाचं, बोटभर लांब. मी धर्मतला म्हणतो. तो माझ्या उच्चारावरून ओळखतो आणि हिंदीत विचारतो, कुठले? मुंबई म्हटल्यावर त्याला आनंद होतो. ‘तुमच्याकडेही होती ना?’

होती. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीला एक, बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला दुसरी. १९०७ साली विजेची आली. १९२० साली दुमजली आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गेली. त्याआधी मद्रासची १९५३ मध्ये, दिल्लीची १९६३ मध्ये गेली होती. नाशिकलासुद्धा १८८९ पासून शहर ते नाशिकरोड स्टेशन अशी घोड्यांची ट्राम होती, तीही १९३० च्या आसपास गेली. मी एवढं सगळं त्याला सांगत नाही. होती, म्हणतो. तो मान डोलावतो, सुटे पैसे देतो आणि पुढे सरकतो.

हेदुआ. डाव्या हाताला झाडांनी वेढलेला तलाव आणि बाग, समोर मुलींचं जुनं कॉलेज. इथे दहा-बारा मुली उतरतात. उतरतात त्या रस्त्याच्या ऐन मध्यावर. फुटपाथ आणि ट्राम यांच्यामध्ये दोन गाड्यांची रुंदी आहे आणि त्या रुंदीतून मोटरसायकली सुसाट जातायत. कंडक्टर पायरीवर उतरून हात आडवा धरतो. एक बस करकचून थांबते. मुली एकमेकींचा हात धरून पळतात. कंडक्टर वर येतो, कपाळ पुसतो.

ट्राम धोक्याची आहे, असं जे म्हणतात ते हा क्षण पाहून म्हणतात. पण हा धोका ट्रामने आणलेला नाही. या जुन्या अरुंद रस्त्यावर रूळ पहिल्यापासून मध्येच होते. रुंद रस्त्यांवर मात्र ट्रामला स्वतःची जागा होती. दक्षिणेला रासबिहारी अॅव्हेन्यूवर, गरियाहाटकडे, रस्त्याच्या मधोमध गवताची पट्टी असे आणि त्या पट्टीत रूळ. ट्राम तिथून बिनअडथळा जाई. मोटारी वाढल्या, तेव्हा त्या पट्ट्या काढून टाकल्या. रूळ काँक्रिटमध्ये पुरले आणि त्यांच्यावरून मोटारींना वाट दिली. तेव्हापासून तिथेही प्रवासी रस्त्याच्या मध्यावर उतरतो आणि ट्राम मोटारींच्या मागे उभी राहते. उभी राहिली की लोक म्हणतात, ट्राम वाहतूक अडवते.

ठनठनिया कालीबाडी येते. मंदिर रस्त्याला लागूनच आहे. ट्राम हळू होते आणि डब्यातले निम्मे हात एकदम कपाळाला जातात. फुलं घेतलेल्या दोघी उतरतात. ड्रायव्हरही हँडलवरचा एक हात काढून छातीला लावतो. पुन्हा खाच फिरते.

आता कॉलेज स्ट्रीट. पुस्तकांचा वास खिडकीतून आत येतो. जुना कागद, खळ, दमट पुठ्ठा. दोन्ही फुटपाथांवर लाकडी टपऱ्या, त्यांच्यात छतापर्यंत रचलेली पुस्तकं. अभियांत्रिकीची गाइडं, एमबीबीएसच्या नोट्स, कवितासंग्रह, १९६० सालातले दिवाळी अंकांसारखे जाडजूड शारदीय अंक. दुकानदार ओरडत नाहीत. तुमच्याकडे पाहून विचारतात, कुठलं पुस्तक? एका बाजूला कॉफीच्या प्रसिद्ध घराकडे जाणारी गल्ली, समोरच्या बाजूला १८१७ साली सुरू झालेल्या कॉलेजचं फाटक, पुढे विद्यापीठ, त्याच्या पुढे वैद्यकीय महाविद्यालय. या शहरातल्या शिकलेल्या प्रत्येक पिढीने ही ट्राम धरली आहे.

इथे ट्राम थांबते. थांबा नाही, तरी थांबते. पुढे रुळांवर एक टेम्पो उभा आहे. त्यातून कागदाची रिळं उतरवणं चाललंय. ड्रायव्हर टाच दाबतो. टण टण टण. टेम्पोवाला हात वर करतो, दोन मिनिटं. मागून बस, बसच्या मागे टॅक्सी, टॅक्सीच्या मागे रुग्णवाहिका. सगळे भोंगे वाजवतात. बस डावीकडून काढून निघून जाते. ट्रामला डावं-उजवं नाही. तिला एकच वाट आहे आणि तिच्यावर टेम्पो आहे.

डब्यातला वारा बंद झाला. पंख्याखालच्या जागेकडे सगळे सरकतात. आजोबा वर्तमानपत्राने वारा घेतात. हमाल आपली बंडलं उचलून इथेच उतरतो, तसाही तो इथलाच होता. एक बाई पिशवीतून लिंबू-मिठाची पुडी काढून पोराच्या जिभेवर ठेवते. पाच मिनिटं. सात. रिळं उतरतायत.

याच रस्त्यावर, याच तारांखाली, १९५३ च्या जुलैत ट्रामगाड्या जळत होत्या. कारण एक पैसा. ट्राम कंपनी तेव्हा लंडनमध्ये नोंदवलेली. तिने दुसऱ्या वर्गाचं भाडं एक पैशाने वाढवलं. देशाला स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झाली होती, फाळणीचे निर्वासित सियालदहच्या फलाटांवर राहत होते आणि ज्या माणसाला दुसऱ्या वर्गाने रोज दोनदा जायचं त्याला तो पैसा जड होता. लोकांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला. जुनंच भाडं देऊन चढले. मग लाठ्या, अश्रुधूर, गोळीबार, जाळपोळ. महिनाभर शहर धुमसलं आणि वाढ मागे पडली. पुढे १९६७ साली राज्य सरकारने कारभार हाती घेतला, १९७६ साली राष्ट्रीयीकरण पूर्ण झालं. एका पैशासाठी शहर पेटतं तेव्हा ती गाडी शहराच्या किती आतवर गेलेली असते, ते लक्षात येतं. आज ती बंद होणार म्हटल्यावर काही तरुण मुलं फलक धरून उभी राहतात. संख्या कमी आहे. तरी ती उभी राहतात, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

आणखीही आठवणी या रुळांना चिकटलेल्या आहेत. आधुनिक बंगाली कवितेतला एक फार मोठा कवी १९५४ च्या ऑक्टोबरात रासबिहारी अॅव्हेन्यूवर ट्रामखाली सापडला आणि आठवड्याभराने रुग्णालयात वारला. १९६३ सालच्या ‘महानगर’ चित्रपटाची सुरुवातच ट्रामच्या दांड्याने आणि तारेवर उडणाऱ्या ठिणग्यांनी होते. नोकरीला निघालेल्या मध्यमवर्गाची ती गोष्ट, आणि तो मध्यमवर्ग ट्रामने जात होता.

टेम्पो हलतो. ड्रायव्हर काही बोलत नाही. खाच फिरते.

बहूबाजारचा चौक. इथे आडवा रस्ता सियालदहहून येतो आणि नदीकडे जातो. कोलकात्याच्या ट्रामची पहिली रेघ या चौकातून गेली. २४ फेब्रुवारी १८७३. सियालदह ते आर्मेनियन घाट, अंतर ३.९ किलोमीटर, गाडीला घोडे. एका टोकाला रेल्वे, दुसऱ्या टोकाला हुगळीचा धक्का. प्रवासी पुरेसे मिळाले नाहीत आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ती बंद पडली. सात वर्षांनी, १ नोव्हेंबर १८८० रोजी, त्याच दोन टोकांमध्ये पुन्हा सुरू झाली, या वेळी मीटर गेजवर, आणि टिकली.

खिडकीतून मी तो आडवा रस्ता पाहतो. दुपार चढतेय. रस्त्यावरून वाफा निघतायत. या उन्हात घोडे माणसांनी भरलेला डबा ओढत होते. नाल लोखंडी, रस्ता खडीचा, हवा अशी. उष्म्याने घोडे दगावत. कंपनीने १८८२ साली वाफेची इंजिनं लावून पाहिली, पण भर वस्तीत धूर आणि धडधड सोसवेना. शतक संपता संपता कंपनीकडे १६६ डबे, १,००० घोडे, ७ वाफेची इंजिनं आणि १९ मैलांचे रूळ होते. हजार घोड्यांचा चारा, हजार घोड्यांचं पाणी, हजार घोड्यांची लीद, आणि मेलेल्या घोड्यांच्या जागी आणायचे नवे घोडे. वीज आली तेव्हा माणसांची सोय झाली, हे खरंच. पण आधी सुटका झाली ती या जनावरांची. १९०० पासून रूळ उखडून रुंद, म्हणजे ४ फूट साडेआठ इंचांचे घालायला सुरुवात झाली. आपण ज्या रुळांवर आत्ता आहोत, त्यांचं माप तेच.

वेलिंग्टनच्या चौकात वळण आहे. गाडी उजवीकडे वळते आणि एकदम सूर मिटतो. दिवे जातात, उरलेला पंखाही थांबतो. दांडा तारेवरून निसटलाय. डब्यातल्या कुणालाच आश्चर्य वाटत नाही. कंडक्टर मागे जाऊन खाली उतरतो, दांड्याला बांधलेली दोरी धरतो, मान वर करून, डोळे किलकिले करून, उन्हात तारेचा नेम धरतो. एकदा हुकतं. दुसऱ्यांदा टोक तारेला लागतं, निळी ठिणगी उडते आणि पंखा फिरायला लागतो. कंडक्टरच्या तळव्यांना दोरीचे घट्टे आहेत. तो हात पँटला पुसतो आणि उरलेली तिकिटं मोजत परत येतो.

लेनिन सरणी सरळ आहे. इथे गाडीला जरा मोकळीक मिळते. चारशे-पाचशे पावलं ती खरोखर धावते. वारा आत येतो, सदरा अंगापासून सुटतो, पोरगं खिडकीत तोंड घालतं. तेवढ्या धावेत कळतं की ही गाडी मुळात मंद नाही. वाट मिळाली की ती निघते. पुन्हा रुळांवर एक मोटार. टण टण.

धर्मतला, म्हणजे एस्प्लनेड. गाडी मोठ्या वळशात शिरते आणि थांबते. उतरायला इथे घाई नाही. आजोबा शेवटी उतरतात, ड्रायव्हरकडे पाहून हात उंचावतात. सव्वातीन मैलांच्या आतबाहेरचा रस्ता. वेळ किती लागला ते कुणी विचारत नाही.

एकेकाळी इथे शहराच्या सगळ्या दिशांनी ट्राम येत. खिदिरपूर, कालीघाट, टॉलीगंज, बालीगंज, गरियाहाट, पार्क सर्कस, राजाबाजार, बेलगाछिया. हावड्याहूनही येत. १९४३ साली हावडा पूल खुला झाला तेव्हा त्यावरून गेलेलं पहिलं वाहन एकटी ट्राम होती. १९९३ पासून पुलावर ट्राम नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी शहरात ५० हून जास्त मार्ग होते. २०१५ च्या सुमारास २५ उरले. आता बोटांवर मोजावे लागतात, एका हाताच्या.

आवारात आठ-दहा डबे उभे आहेत. चालू कुठले आणि बंद कुठले, धुळीवरून ओळखायचं. एका डब्याच्या छपरावर पिंपळ उगवलाय. सावलीत दोन ड्रायव्हर डबा उघडून जेवतायत, भात आणि माशाचं कालवण. त्यातला थोरला वयाने निवृत्तीला आलेला. नवी भरती नाही, तो म्हणतो. नवीन मुलांना हँडल शिकवायला कुणी सांगत नाही.

पायाखाली मेट्रो धावतेय. देशातली पहिली मेट्रो १९८४ च्या ऑक्टोबरात इथूनच, एस्प्लनेडहून भवानीपूरला निघाली. २०२४ पासून दुसरी मेट्रो इथून हुगळीच्या पात्राखालून हावड्याला जाते. थंड डबे, मिनिटामिनिटांचा हिशेब. लोक खुश आहेत आणि असावेत. पण भुयाराच्या पायऱ्या उतरून, तपासणी करून, पुन्हा पायऱ्या चढून जी माणसं जाऊ शकत नाहीत, ज्यांना तीनच चौक जायचंय, ज्यांच्या डोक्यावर ओझं आहे, त्यांची गाडी रस्त्यावर हवी. हे आजोबांना विचारलं तर ते एका वाक्यात सांगतील.

मी मैदानाच्या कडेने दक्षिणेला चालू लागतो. दुपारचा एक. सावली झाडांच्या बुंध्याशी गोळा झालीय. इथे रूळ रस्त्यातून बाहेर पडून गवतात शिरतात. मोठाल्या झाडांखालून, मोकळ्या हवेत, बाजूला रहदारी आणि मध्ये स्वतंत्र वाट. २७ मार्च १९०२ रोजी शहराची पहिली विजेची ट्राम याच मार्गाने एस्प्लनेडहून खिदिरपूरला गेली. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरी कालीघाटला. आशियातलं आज चालू असलेलं सर्वांत जुनं विजेचं ट्रामजाळं ते हेच.

आता या रुळांवर गवत आहे. २०२० च्या मे महिन्यातल्या अम्फान चक्रीवादळाने झाडं पाडली, तारा तोडल्या, आणि या मार्गावरची नेहमीची वाहतूक त्यानंतर परत सुरू झाली नाही. खांब उभे आहेत, काहींना तार नाही. दोन रुळांच्या मध्ये बकऱ्या चरतायत. पोरं क्रिकेट खेळतायत, रूळ ही त्यांची क्रीज. मी वाकून हात लावतो. लोखंड तव्यासारखं तापलंय. हात लगेच मागे घ्यावा लागतो.

२०२४ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने जाहीर केलं की वारसा म्हणून मैदानाकडचा एक छोटा फेरा ठेवू, बाकी ट्राम बंद करू. कारण रहदारी. शहराच्या क्षेत्रफळात रस्त्यांचा वाटा जेमतेम सहा टक्के, हा आकडा इथे ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे. तो ट्रामच्या विरोधात सांगितला जातो. मला तो उलटा वाटतो. रस्ता इतका थोडा असेल तर तो एकेकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या मोटारीला द्यायचा, की एका फेरीत शे-दीडशे माणसं नेणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या गाडीला? प्रकरण न्यायालयात गेलं आहे. मेलबर्नपासून व्हिएन्नापर्यंत जुन्या शहरांनी ट्राम राखली, पॅरिसने १९३८ साली काढून टाकली आणि १९९२ साली पुन्हा घातली. काढणं सोपं असतं. परत घालताना पुन्हा पहिल्यापासून खर्च करावा लागतो. मुंबईने काढली तेव्हा हा विचार करणारे थोडे होते. कोलकात्यात रूळ अजून जागेवर आहेत, तारा आहेत, दोरी धरून नेम साधणारे हात आहेत.

वारशाच्या एका फेऱ्याने हे भागणार नाही. पर्यटकांना बागेभोवती फिरवणारी गाडी श्यामबाजारच्या आजोबांच्या कामाची नाही. ट्रामला तिची वाट परत द्यावी, रुळांवर मोटारी उभ्या करणाऱ्यांना दंड करावा, थांब्यावर प्रवाशाला फुटपाथपर्यंत सुखरूप नेणारी जागा करावी. यातलं काहीही अवघड नाही, आणि एके काळी याच शहराने ते केलेलं आहे.

तुम्ही कोलकात्याला जाल तेव्हा सकाळी श्यामबाजारला उभे राहा. बस आली तर जाऊ द्या. तिकीट काढा, खिडकीशी बसा, आणि कॉलेज स्ट्रीटला पुस्तकं घ्यायची असली तरी धर्मतल्यापर्यंत जाऊनच परत या.